जुना कॉम्प्युटर आणि ७४६ जीबीचं कोडं

मी रायपूरहून बोलतोय. आमचं घर तात्यापाऱ्यात, इथल्या जुन्या मराठी वस्तीत. वडिलांनी गणेशोत्सवातली गाणी, नाटकं कॅसेटवर भरून ठेवली होती. ती मी दोन वर्षं खपून कॉम्प्युटरवर उतरवली. कॅसेटांना बुरशी लागली, त्या गेल्या. आता जे आहे ते एकाच म्हाताऱ्या डिस्कवर. म्हणून ३ टीबीची नवी डिस्क आणली आणि २००९ सालच्या, विंडोज ७ वाल्या डेस्कटॉपच्या आत जोडली.

आकडा आला ७४६ जीबी! मी दुकानात भांडायलाच निघालो होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, आधी हिशोब तर करा."

डिस्कवर ५१२ बाइटांचे खण असतात. जुनी व्यवस्था खणांचे नंबर ३२ बिटांत लिहिते. त्यात साधारण ४२९ कोटी खण मावतात, म्हणजे २.२ लाख कोटी बाइट. माझी डिस्क ३ लाख कोटींची. जुन्या स्कूटरचं मीटर ९९९९९ नंतर शून्यावर येतं ना, तसंच. वर उरलेले ०.८ लाख कोटी तेवढे दिसले. विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, म्हणून ७४६. दुकानदार बिचारा निर्दोष.

आता घाबरण्यासारखी गोष्ट. मीटर असं फिरत असताना डिस्कवर लिहिलं, तर मर्यादेपलीकडच्या खणाऐवजी सुरुवातीच्या खणात लिहिलं जाऊ शकतं. तिथेच डिस्कच्या विभागांची यादी असते. म्हणून आकडा चुकीचा दिसला की त्या डिस्कवर काहीही लिहू नका, फॉरमॅटही नको.

डिस्क मॅनेजमेंट उघडून बघा. एकूण २७९४ जीबी दिसतात, पण २०४८ आणि ७४६ असे दोन तुकडे पडलेत? मग दोष एमबीआर या जुन्या मांडणीचा. डिस्क रिकामी असेल तर जीपीटी करा, झालं. एकूणच ७४६ दिसतात? मग कंट्रोलरचा ड्रायव्हर किंवा बाहेरून जोडली असेल तर यूएसबीचा डबा जुना. माझा ड्रायव्हर जुना निघाला. मदरबोर्डचं मॉडेल शोधून नवा टाकला, २७९४ आले.

"बायोस जुना, मशीन भंगारात द्या," असं सांगणारे भेटतील. विंडोज ७ ला जीपीटी डिस्कवरून सुरू व्हायला यूईएफआय लागतं, खरं. पण नुसत्या फाइली ठेवायला जुना बायोस बहुधा चालतो. ३२ बिटांचं एक्सपी मात्र जीपीटी वाचतच नाही, तिथे हट्ट करू नका.

आकडा बरोबर आला तरी मी लगेच काही ठेवलं नाही. एच२टेस्टडब्ल्यू या छोट्या प्रोग्रामने रिकामी डिस्क काठोकाठ भरून परत वाचून घेतली. सतरा-अठरा तास लागले. मे महिना, रायपूरचं ऊन. कॉम्प्युटरचं झाकण काढून टेबलफॅन त्याच्यावर, आम्ही घामात. एकही चूक निघाली नाही, तेव्हा गाणी चढवली. जुनी डिस्क पुसली नाही; ती नागपूरला बहिणीकडे ठेवलीय.