खिचडी विलायतेला जाऊन आली

आज आम्ही गटातल्या बायका तुम्हाला एका खिचडीची गोष्ट सांगणार आहोत.

इंग्रज आपल्या देशात राहिले, आपली डाळ-तांदळाची खिचडी त्यांनी खाल्ली आणि तिची आवड घेऊन मायदेशी गेले. तिथे तिच्यातली डाळ गेली. हॅडक नावाचा धुरी दिलेला मासा, उकडलेली अंडी, लोणी आणि करी पावडर आली. नावही बदललं, केजरी झालं. ती ते सकाळच्या न्याहारीला खात.

आमच्यातल्या एकीचा मुलगा जहाजावर स्वयंपाकी आहे. सुट्टीवर आला तेव्हा त्याने ही केजरी सांगितली. आम्ही म्हटलं, त्यांनी खिचडी आपल्या तोंडाला रुचेल अशी करून घेतली, तर आपणही का करू नये?

हॅडक इथे कुठला मिळायला? पण पावसाळ्याच्या बेगमीचा खारा बांगडा घरात होता. दोन बांगडे कोमट पाण्यात अर्धा तास भिजवले, पाणी दोनदा बदललं. मग उकडून काटे नीट काढले. तिकडे मासा दुधात शिजवतात. आपल्याकडे दूध आणि मासे एकत्र चालत नाहीत, म्हणून आम्ही नारळाचं दूध घेतलं. लोण्याऐवजी खोबरेल, करी पावडरीऐवजी चमचाभर मालवणी मसाला. तेलात कांदा परतला, मसाला घातला, दोन वाट्या तांदळाचा मोकळा भात, मासा आणि अर्धी वाटी नारळाचं दूध घालून वाफ आणली. वरून तीन उकडलेली अंडी, कोथिंबीर, लिंबू. मीठ चाखूनच घाला, मासा खारट असतो. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी ताजा बांगडा घ्यावा.

सगळ्यांनी आवडीने खाल्ली. आमच्या काकी तेवढ्या गप्प होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "बरी आहे." आम्ही पुन्हा विचारलं, "पण काकी, तुम्हाला कशी आवडली असती?" त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. घरात सासऱ्यांना अळणी, नवऱ्याला तिखट, मुलांना गोडसर. चाळीस वर्षं त्या सगळ्यांचं करत आल्या. स्वतःला काय हवं, ते त्यांना चटकन आठवेना.

शेवटी म्हणाल्या, "नारळाचं दूध नको. आगळ घाला, आणि चार तिरफळं."

दुसऱ्या दिवशी तशी केली. आंबटसर, तिरफळाच्या वासाची. काकींनी दोनदा वाढून घेतली. आमच्यातल्या दोघींना ती मुळीच आवडली नाही, आणि त्याचं काकींना काही वाटलं नाही.

मैत्रिणींनो, केजरी कराल तेव्हा जिन्नस तुमच्या घरातले घ्या. पण पहिला घास घेण्याआधी एकदा स्वतःलाच विचारा, मला यात काय हवंय? आणि पुढच्या बैठकीत आम्हालाही सांगा.