नुसता सहवास पुरेसा नाही



“पूर्वग्रह म्हणजे अज्ञान, शिक्षण वाढले की तो आपोआप जाईल,” असे आपल्या कानांवर नेहमी पडते. वीस वर्षे वकिली केल्यानंतर मला ते मान्य करवत नाही. जातीवरून पाणी नाकारणाऱ्यांत अडाणी असतात तसेच पदवीधरही असतात.

मग या रोगाचे मूळ कोठे आहे? माणसाचे मन अनुभवांची वर्गवारी केल्यावाचून चालत नाही. “आपले” आणि “परके” हा भेद मूल घरातच शिकते. तोही उपदेशाने नव्हे, तर आईच्या कपाळावरील आठीने आणि वेगळ्या ठेवलेल्या कपाने. त्या भेदाला किंमत चिकटविण्याचे काम समाजाची उतरंड करते. आणि ज्याच्याविरुद्ध पूर्वग्रह असतो त्याच्याही मनात तो घर करतो, ही त्यातील सर्वांत क्रूर गोष्ट होय.

केनेथ व मॅमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने अमेरिकेत लहान मुलांपुढे केवळ रंगाने भिन्न असलेल्या बाहुल्या ठेवल्या. बहुसंख्य कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हणून निवडली. (या दोघांनी डॉक्टरेट मिळविली ती कोलंबिया विद्यापीठातून, बाबासाहेब १९१३ साली शिकावयास गेले तेही तेथेच.) १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णभेद एकमताने घटनाबाह्य ठरविला, तेव्हा निकालपत्राच्या एका तळटीपेत केनेथ क्लार्क यांच्या लेखनाचा उल्लेख झाला. वकील या नात्याने ती तळटीप मला निकालाइतकीच मोलाची वाटते.

आपल्याकडील पुरावाही पाहा. कार्ला हॉफ व प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरील चक्रव्यूह सोडवावयास दिले. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दलित मुले इतरांच्या बरोबरीने राहिली. सर्वांसमक्ष जात उच्चारताच त्यांची संख्या घसरली. त्यांचा हा निबंध २००६ साली प्रसिद्ध झाला. मुलांची बुद्धी तीच होती. खोलीतील हवा तेवढी बदलली.

यावर उपाय म्हणून “एकत्र या, ओळख वाढवा” असे सांगतात. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ सालच्या आपल्या ग्रंथात या सहवासाला अटी घातल्या: दर्जा समान हवा, ध्येय एक हवे, परस्पर सहकार्य हवे आणि कायद्याचा वा अधिकाऱ्यांचा पाठिंबा हवा. या अटी वाचताना मला आपले गाव आठवते. सहवास तर तेथे शतकानुशतके होता! येसकर रोज दारोदार जात होता, मेलेले जनावर ओढीत होता आणि उंबऱ्याबाहेर उभा राहून भाकर घेत होता. त्या सहवासाने पूर्वग्रह तसूभरही कमी झाला नाही. उलट दररोज दोघांनाही आपापली पायरी नव्याने पाठ होत गेली. म्हणूनच कनिष्ठ वतने रद्द करणारा १९५८ चा मुंबई कायदा मी केवळ जमिनीचा कायदा मानीत नाही. कायदा मनात शिरू शकत नाही हे खरे. पण कोणी कोणाच्या दारी कसे उभे राहावे, हे तो बदलू शकतो.

मॅट लो यांचा २०२१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोगही हेच दाखवितो. उत्तर प्रदेशातील तरुणांना त्यांनी क्रिकेटच्या संघांत घातले. निरनिराळ्या जातींचे खेळाडू एकाच संघात खेळले तेथे जातीबाहेरची मैत्री वाढली; परजातीचे खेळाडू केवळ प्रतिस्पर्धी म्हणून समोर आले तेथे तो लाभ दिसला नाही. तेव्हा शाळेच्या संघात, सहकारी संस्थेत, वाचनालयाच्या मंडळात आपल्या मुलांना घाला. मात्र सतरंज्या उचलण्यासाठी नव्हे, निर्णयात वाटेकरी म्हणून.

आता घरातील गोष्ट. माझ्या भाचीसाठी एका नवदीक्षित कुटुंबात स्थळ पाहावयास गेलो होतो. चहा येण्यापूर्वीच माझ्या तोंडून प्रश्न निघाला, “पूर्वीचे तुम्ही कोणत्या पोटजातीचे?” मुलाचे वडील काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त मान खाली घातली. इतरांना आयुष्यभर कायदा शिकविणाऱ्या माणसाचा हा प्रश्न! परतीच्या एस. टी.त भाची माझ्याशी बोलली नाही. पुढील रविवारी आम्ही पुन्हा तेथे जात आहोत. प्रथम मला त्या गृहस्थांची क्षमा मागावयाची आहे. स्थळाचे बोलणे त्यांची इच्छा असेल तर त्यानंतर.