काळ्या रेघेतलं पाणी

आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो,

कोल्हापूर जिल्ह्यात कोळसा नाही. तरी आज मी कोळसा खाणींजवळच्या ओढ्यांविषयी बोलणार आहे. या मांडवातले दिवे राज्याच्या ज्या ग्रीडवर लागलेत, त्यात चंद्रपूरच्या 2,920 मेगावॅटच्या केंद्राचीही वीज आहे. शिवाय तुमच्यातले भूशास्त्र, पर्यावरणशास्त्र, स्थापत्य शिकलेले काहीजण उद्या खाणींचे अहवाल लिहायला बसतील.

उघड्या खाणीत कोळसा लागेपर्यंतची माती-दगड उकरून बाजूला टाकतात. ते ओव्हरबर्डन. चंद्रपुरात इरई नदीकाठी त्याचे डोंगर झाले आणि पूर शहरात शिरला की लोक त्यांच्याकडे बोट दाखवतात. नदीचं गाऱ्हाणं निदान पेपरात तरी येतं. ढिगाऱ्याखाली गेलेला ओढा कुणाच्या घरात शिरत नाही. खालच्या विहिरीचं पाणी मार्चमध्येच आटतं, एवढंच. कधी ओढा बुजवत नाहीत, ‘वळवतात’. पोकलेननं सरळ चर मारला की नकाशावर प्रवाह जोडलेला दिसतो. पण डोह, काठच्या झाडांची मुळं, वाळूतून मुरणारं पाणी त्या चरात कुठून येणार?

आपल्या कोळसा खाण नियमांत काठापासून 15 मीटरची अट जुनी आहे. तेवढ्या अंतरात, किंवा नदी-तलावाच्या खाली, परवानगीशिवाय खणायचं नाही. पण ही अट पाणी खाणीत घुसू नये म्हणून आहे. 27 डिसेंबर 1975 ला चासनाळ्याच्या खाणीत पाणी घुसलं आणि पावणेचारशेच्या घरात माणसं गेली. तेव्हा अट हवीच. मात्र तिच्यात खाणीला पाण्यापासून वाचवलंय, पाण्याला खाणीपासून नव्हे. अमेरिकेनं 1983 मध्ये ओढ्याच्या बाजूनं 100 फुटांचा पट्टा राखायचा नियम केला. डिसेंबर 2016 मध्ये तो आणखी कडक झाला आणि फेब्रुवारी 2017 मध्ये तिथल्या संसदेनं ती सुधारणा रद्द केली. म्हणजे तिकडेही सगळं आलबेल नाही.

आता तुमच्या कामाचं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर बारमाही प्रवाह निळा असतो, हंगामी ओढा काळा. खाणीच्या पर्यावरण अहवालाला सहसा एकाच ऋतूची नोंद पुरते, आणि तो ऋतू पावसाळा सोडून. म्हणजे जो ओढा जून ते ऑक्टोबर वाहतो, त्याची पाहणी आपण तो कोरडा असताना करतो! मग अहवालात ‘उल्लेखनीय जलप्रवाह नाही’ असं लिहिलं जातं, आणि लिहिणारा खोटंही बोलत नसतो. मला याचीच जास्त धास्ती वाटते.

कोळसा लांबचा वाटत असेल तर आपल्या सड्यांकडे बघा. शाहूवाडी, राधानगरीच्या जांभ्या सड्यांवर बॉक्साइट आहे आणि ते वरूनच खणतात. एप्रिलमध्ये सडा नुसता उजाड कातळ दिसतो. पावसात तोच पाणी मुरवतो आणि कड्याखालच्या झऱ्यांना पुरवतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांची सुरुवात अशाच बिननावाच्या ओहोळांत आहे. त्यांची पंचगंगा होते आणि ती तुम्ही-आम्ही पितो. खाणीची तांबडी माती ओहोळात उतरली की तळाचे दगड गाळानं लिंपतात आणि त्यांच्या फटींतले किडे-मासे जातात.

खाणी बंद करा असं मी सांगायला आलो नाही. वीज मलाही लागते. मागणं छोटं आहे. नकाशावरची प्रत्येक काळी रेघ श्रावणात एकदा चालून बघा. पाण्याची रुंदी मोजा. ते कुठल्या विहिरींना जातं, हे गुरं राखणाऱ्या मामांना विचारा. त्यांना ठाऊक असतं. आणि कंपनीनं तेवढी सवड दिली नाही, तर अहवालात स्वतःच्या सहीच्या वर एक ओळ घाला: ‘ही पाहणी पावसाळ्यात केलेली नाही.’