उतारवयाची वसाहत आणि आपले धारूर
(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



वृद्धांकरिता गावाबाहेर जागा घेऊन खोल्या बांधाव्यात, अशी सूचना कार्यकारी मंडळापुढे आली असून तिच्यावर आम्ही दोन शब्द बोलावे अशी आज्ञा झाली आहे. सूचनेमागील कळकळीविषयी आम्हांस आदरच आहे. तथापि अशा वसाहतीत माणसाचा दिवस कसा जातो, हे अगोदर पाहिले पाहिजे.

या कल्पनेचा गाजलेला नमुना अमेरिकेतला. ॲरिझोना राज्यात १ जानेवारी १९६० रोजी ‘सन सिटी’ हे निवृत्तांचे नगर खुले झाले. घरे, दुकाने, क्रीडांगण सारे तेथे. मात्र लहान मुलांना कायम राहण्यास मज्जाव! आपल्याकडे १९९५ साली राज्य शासनाने मातोश्री वृद्धाश्रमांची योजना काढली, आणि पुढे पुण्यात ‘अथश्री’सारख्या ज्येष्ठांच्या वसाहती उभ्या राहिल्या.

आमचे एक सोयरे पुण्यातील अशाच एका वसाहतीत राहतात. त्यांच्याकडे आम्ही चार दिवस होतो. स्नानगृहात धरावयास दांडी, पाय न घसरणारी फरशी, उशाशी घंटा. सकाळी बागेत फेरी, योगासने, वर्तमानपत्र. ठरल्या वेळी भोजनगृहात जेवण. सायंकाळी भजन किंवा पत्ते. रात्री छातीत कळ आली तर घंटा दाबताच माणूस हजर. ही सोय मोठीच होय, तिला नावे ठेवू नयेत. परंतु तिसऱ्या दिवशी सोयरे म्हणाले, “मास्तर, औषध घेतले का, एवढेच येथे विचारतात. यंदा काय पेरावे, आलेले स्थळ कसे आहे, हे विचारणारा कोणी नाही.”

आता आपल्याकडे पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास बालाघाटाच्या डोंगरातील गावे रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेला नवरा-बायकोचा कोयता ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात जातो. मागे राहतात म्हातारी माणसे व शाळेत जाणारी नातवंडे. वर्षातील पाच-सहा महिने ती वृद्धांचीच वसाहत असते, पण निवृत्ती तेथे कोणासही नाही. सत्तरीची आजी पहाटे पाणी भरते, भाकरी थापते, नातवाचे दप्तर हुडकते. शासनाची हंगामी वसतिगृहे निघाली खरी, तरी दिवाळीनंतरच्या पालकसभेत आम्हां शिक्षकांपुढे बसत त्या बहुधा आज्याच. त्यांचे हाल आम्ही पाहिले आहेत. त्यांचे कौतुक करून मोकळे होणे आम्हांस जमत नाही.

आपल्या घरांतील मुले पुणे-संभाजीनगरास नोकरीला आहेत. जुन्या वाड्यांत दोघे वृद्ध, नाही तर एकटी म्हातारी. एका जिवाकरिता काय स्वयंपाक करावयाचा, म्हणून ती सकाळची भाकरी रात्री दुधात कुस्करते आणि मुलाचा फोन आला की सांगते, “जेवले बरं का!” दुसरी अडचण दवाखान्याची. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढील माणसास एस. टी. चा प्रवास फुकट झाला. पण अंबाजोगाईच्या मोठ्या रुग्णालयात चिठ्ठी काढणे, रांगेत उभे राहणे, रक्त तपासावयाची खोली शोधणे हे एकट्याने कसे व्हावे? २००७ च्या कायद्याने मुलांकडून निर्वाह मागता येतो. सोबत कशी मागावी?

म्हणून आमचे म्हणणे असे की, गावाबाहेरच्या खोल्यांचा विचार तूर्त बाजूस ठेवावा. आपल्या कार्यालयाचे स्वयंपाकघर लग्नतिथी सोडल्या तर बंदच असते. तेथून रोज एक वेळचा डबा घरोघर जावा. ज्यांना शक्य आहे त्यांनी त्याची किंमत द्यावी. घेणाऱ्यास भिक्षा वाटता कामा नये. आठवड्यातून दोन दिवस अंबाजोगाईस सोबत जाण्याकरिता एक तरुण ठेवावा व तो पगारी असावा. फुकटच्या सेवेचा उत्साह आपल्याकडे आखाडीपासून पोळ्यापर्यंत टिकतो, हे कोणास ठाऊक नाही? ज्यांना खरोखरीच कोणी नाही अथवा जे अंथरुणास खिळले आहेत, त्यांच्याकरिता कार्यालयामागे दोन खोल्या काढाव्यात; त्या गावातच असाव्यात.

आणखी एक. डबा नेणाऱ्याने तो उंबऱ्यावर ठेवून परत फिरू नये. घटकाभर बसावे, लोणच्यास मीठ किती घालावे, जुन्या वादाच्या बांधाची हद्द कोठे होती, असे काही विचारावे. आजीला ते ठाऊक असते.

आमच्या गल्लीतील नावे आम्ही लिहून आणली आहेत. ती चिटणीसांकडे देत आहोत. इतर गल्ल्यांतील मंडळींनी आपापली यादी संमेलन संपण्यापूर्वी द्यावी.