पाना लावण्याआधी

वसंतात ट्रॅक्टर मिस्त्रीचं अंगण भरतं. उसाचा गाळप हंगाम उरकलेला, नांगरट तोंडावर आलेली. आणि चार-पाच महिने दोन-दोन ट्रॉल्या ओढून आलेलं जुनं धूड ‘लोड घेत नाही’ म्हणून दारात उभं. भोवती जमलेल्यांपैकी कुणीतरी हमखास निकाल देतो, ‘इंजिन गेलं. काम काढा.’

हा निकाल बहुधा घाईचा असतो. पिंजोरच्या एचएमटीने झेटॉरच्या तंत्रावर १९७१ पासून ट्रॅक्टर बांधले, मोहालीचा स्वराज १९७४ मध्ये आला. त्या पिढीच्या यंत्रांत सेन्सर नाही, संगणक नाही. दुखणं सांगायला त्यांच्याकडे धूर, आवाज आणि तेल एवढंच आहे. पण तेवढं ते खरं सांगतात.

काळा धूर म्हणजे जेवढं डिझेल आत जातं तेवढं जाळायला हवा पुरत नाही. अशा वेळी पंपवाल्याकडे धावणारे पुष्कळ; एअर क्लीनरची खालची वाटी उघडून बघणारे थोडे. तेलाच्या क्लीनरची वाटी मळणीनंतर उघडली तर तळाशी भुसा आणि माती कालवून शेणकाल्यासारखा थर बसलेला दिसतो. तो काढून, वाटी धुऊन, खुणेपर्यंत नवं तेल ओतायचं. धूर तरीही काळाच राहिला तर नोझलकडे वळायचं. निळसर धूर मात्र वेगळी गोष्ट सांगतो: इंजिन ऑइल जळतंय. रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजलेत. पांढरा धूर सकाळी थंड इंजिनातून दोन मिनिटं निघाला तर मनावर घेऊ नये. इंजिन तापल्यावरही तो टिकला आणि रेडिएटरचं पाणी रोज घटत असेल, तर हेड गॅस्केटवर संशय घ्यावा. डिपस्टिकवरचं ऑइल ताकासारखं दिसलं तर तो ट्रॅक्टर पुन्हा चालू करायचाच नाही.

इंजिन तीन पायांवर चालल्यासारखं लंगडत असेल, तर जुने मिस्त्री एक सोपी युक्ती करतात. इंजिन मंद चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करायचा. ठोका बदलला, इंजिन आणखी दबलं, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर चोर सापडला. मात्र पाइपमधल्या त्या फवाऱ्यासमोर बोट नेऊ नये. दाबाखालचं डिझेल कातडीतून थेट आत शिरतं आणि मग गाठ डॉक्टरशी पडते.

आता ‘लोड घेत नाही’ या तक्रारीकडे. इंजिनाचा आवाज चढतो, पण ट्रॅक्टर जागचा हलत नाही, ही तक्रार इंजिनाची नाहीच, ती क्लचची. मोकळ्या जागी, समोर माणूस नाही हे बघून, ब्रेक घट्ट दाबायचे, वरचा गिअर टाकायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन बंद पडलं तर प्लेट धरतेय. ते घरघरतच राहिलं तर प्लेट घसरतेय. कधी प्लेट झिजलेली असते, कधी क्रँकच्या मागच्या सीलमधून गळलेल्या ऑइलने ती माखलेली असते. सील तसंच ठेवून नुसती नवी प्लेट टाकणाऱ्याला दोनदा खर्च येतो. आणि हा खर्च छोटा नाही. १९१७ च्या फोर्डसनने बिनचासीचा ट्रॅक्टर घरोघर नेला तेव्हापासून बहुतेक ट्रॅक्टरांना वेगळी चौकट नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स हाच त्यांचा कणा. क्लचप्लेट बदलायची तर ट्रॅक्टर मधोमध तोडावा लागतो. म्हणून पेडलचा मोकळा खेळ आधी तपासायचा. तो संपल्यामुळेही क्लच घसरतो आणि तिथं एक नट फिरवून भागतं.

गिअरबॉक्सला कान लावण्याचीही एक रीत आहे. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते, तर वरच्या शाफ्टचं बेअरिंग बघायचं. उलट क्लच दाबल्यावरच किरकिर सुरू झाली तर ते रिलीज बेअरिंग. सगळेच गिअर कर्रकन आवाज करून पडत असतील तर क्लच पुरता सुटत नाही. एकच गिअर उताराला आपोआप सटकत असेल तर लॉकची गोळी, तिचं स्प्रिंग आणि फोर्क. हे पुष्कळ मॉडेलांत वरचं झाकण उघडून बघता येतं. ऑइल सोडताना प्लगच्या चुंबकावर राखाडी मऊ लेप दिसला तर ती वयाची झीज. बोटाला टोचणारा तुकडा निघाला, तर मात्र दात तुटलाय.

अशाच एका अंगणात एक जुना ट्रॅक्टर अर्धा तास नांगरून बंद पडत होता, थोडा थांबला की पुन्हा चालत होता. पंप खोलायचा ठराव झाला होता. मिस्त्रीने तो बंद पडेपर्यंत वाट पाहिली आणि डिझेलच्या टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत ओढली गेली. झाकणाचं भोक मातीने बुजलेलं होतं. त्याने सायकलच्या स्पोकने ते मोकळं केलं, झाकण परत लावलं आणि मालकाला पुढची चास काढायला पाठवलं.