गळ टाकून चाळीस वर्षं

नदीकाठी गळ टाकून बसलेला माणूस दिसला की लोकांना वाटतं, याला काही कामधंदा दिसत नाही. मी कविता लिहितो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना वाटतं की हा इथं कविता करायला येतो. खरं सांगायचं तर नदीवर मला आजवर एक ओळ सुचलेली नाही. कविता घरी सुचते, बहुधा लाइट गेल्यावर. नदीवर मी मासे धरायला जातो, आणि चाळीसहून अधिक वर्षं त्यात घालवल्यानंतर जे चार-दोन धडे पदरी पडले, ते आज सांगणार आहे. मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. तेव्हा जीवशास्त्रातलं जे सांगेन ते पाण्याकाठी शिकलेलं आणि नंतर पुस्तकात ताडून पाहिलेलं आहे.

आमचे अब्बा पिंजारी. सांगलीत गाद्या-उशा भरण्याचं दुकान होतं. दिवसभर कापसाची धूळ नाकातोंडात. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की दुकान बंद करून ते कृष्णेवर जात. म्हणायचे, आठवड्यातून एकदा छाती धुऊन काढायची. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, मागं मागं जायचो. घाटाच्या खाली भोई समाजातले एक म्हातारे होते. सगळे त्यांना तात्या म्हणत, आम्हीही तात्याच म्हणायचो. अब्बांच्या गादी शिवायच्या सुईला त्यांनी विस्तवात लाल केलं, चिमट्यानं वाकवलं आणि माझा पहिला गळ तयार झाला. त्याला उलटा काटा नव्हता. दोरा जरा सैल सोडला की मासा निसटून जायचा. त्यामुळे दोरा ताणून धरण्याची सवय मला पहिल्या दिवसापासून लागली. आज बाजारातला काटेरी गळ विकत आणला तरी पकडीनं त्याचा काटा दाबून सपाट करतो. चार मासे कमी मिळतात, पण सोडायचा तो मासा जबडा न फाटता सुटतो, आणि गळ स्वतःच्या बोटात घुसला तर दवाखान्यात जावं लागत नाही. हा दुसरा फायदा मी तीनदा अनुभवला आहे.

बोटावरून आठवलं. तंगूस कधीही बोटाला किंवा मनगटाला गुंडाळून बसू नये. कॉलेजात असताना मी आळसानं गुंडाळून बसलो होतो आणि शिंगाळा लागला. त्यानं अशी ओढ दिली की तर्जनी हाडापर्यंत चिरली. व्रण अजून आहे, थंडीत दुखतो. शिंगाळा बाहेर काढल्यावरही त्याला उघड्या हातानं धरायचं नाही. पाठीवर आणि दोन्ही बाजूंना त्याला काटे असतात, ते लागले की हात दिवसभर ठणकतो. ओलं फडकं टाकून धरावा.

नवशिका माणूस नदीवर आला की सगळ्यांना गप्प बसायला सांगतो. माशाला बोलण्याचा फारसा त्रास होत नाही, पायाच्या धमकीचा होतो. काठावर दाणदाण चालत आलात की पाण्याखाली सगळ्यांना वर्दी पोचते. दुसरं म्हणजे सावली. उन्हाकडे तोंड करून बसावं. डोळ्यांना त्रास होतो, पण सावली मागं पडते. आणि कृष्णेच्या बाबतीत तिसरं : मगरी आहेत. भिलवडी, औदुंबर, अंकलखोप या पट्ट्यात माणसं दगावली आहेत. गुडघाभर पाण्यात उभं राहून गळ टाकायचा नाही, आणि धरलेला मासा काठावर बसून साफ करायचा नाही. तो वास कुणाला बोलावतो ते लक्षात ठेवावं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. कटला, रोहू हे कणकेच्या गोळीवर आणि पेंडीवर येतात. वाम गांडुळावर येते. चिलापी कशावरही येते, तिला धरण्यात काही कौशल्य आहे असं मी मानत नाही. खरा मासा मरळ. लांबट, सापासारखं डोकं, अंगावर गर्द पट्टे. संथ पाण्यात, केंदाळाच्या आणि पाणकणसाच्या आडोशाला ती दबा धरून असते. पाठलाग करणं तिच्या स्वभावात नाही. भक्ष्य टप्प्यात आलं की एकच झेप. तिला कल्ल्यांशिवाय डोक्यात हवा घेण्याची सोय असते, म्हणून थोड्या थोड्या वेळानं ती वर येऊन हवेचा घोट घेते. तिला वर येऊ दिलं नाही तर पाण्यात असूनही ती गुदमरते. तो घोट घेताना ‘चप्’ असा आवाज येतो, शांत सकाळी वीस-पंचवीस पावलांवरून ऐकू येतो. मरळ कुठं आहे हे डोळ्यांनी शोधायचं नसतं. एका जागी बसायचं, दोन-तीन घोट ऐकायचे आणि मग गळ टाकायचा.

पूर्वी आम्ही गळाला बेडूक लावत असू. तो केंदाळावरून उड्या मारत ओढत आणायचा. पाणी फुटतं, बेडूक गडप होतो, आणि इथंच माणूस चुकतो. तो तेव्हाच हिसका मारतो. मरळ आधी भक्ष्य जबड्यात धरते, बुडी घेते, मग तोंडात फिरवून गिळते. तात्या सांगायचे, ‘धा आकडं मोज, मग वड.’ पहिली दोन वर्षं मी कधी चारच्या पुढं गेलो नाही. उर्दू शाळेतला माझा एक मित्र दहाऐवजी कलमा म्हणायचा आणि मगच ओढायचा. त्याला माझ्यापेक्षा जास्त मरळी मिळत.

१९९६ च्या ऑगस्टमध्ये मला मुलगी झाली. बायकोची आई हयात नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याच घरी, अम्मीच्या देखरेखीखाली झालं. बाळंतीण फार अशक्त झाली होती. आमच्याकडे बाळंतिणीला, ऑपरेशन झालेल्याला मरळीचं कालवण देतात. त्यानं जखम लवकर भरते अशी पक्की समजूत आहे. अम्मी म्हणाली, चाळीस दिवस व्हायच्या आत एक तरी मरळ आण. बाजारात तेव्हा मरळ कधीमधी यायची आणि पतसंस्थेतल्या कारकुनाला परवडायची नाही.

पावसाळ्यात नदी गढूळ, तिच्यात गळ टाकण्यात अर्थ नसतो. पण मळीच्या कडेला वीटभट्टीवाल्यांनी माती उपसलेले डबरे होते. पुराबरोबर मासा त्यात यायचा आणि पाणी ओसरलं की तिथंच राहायचा. अशाच एका डबऱ्यात मला आठवडाभरापूर्वी लालसर डाग दिसला होता. ताटाएवढा, पाण्याच्या वरच्या थरात हळूहळू सरकणारा. ती मरळीची पिल्लं होती. शेकडो पिल्लं एकमेकांना चिकटून गोळ्यानं पोहतात, सगळी मिळून वर येतात, सगळी मिळून खाली जातात. वर आली की पाणी पाऊस पडल्यासारखं टिपटिपतं. आणि गोळ्याच्या बरोबर खाली आई-बाप असतात. मरळ अंडी देऊन निघून जाणाऱ्यांतली नव्हे. गवत बाजूला सारून ती जागा करते, अंडी वर तरंगतात, दीड-दोन दिवसांत फुटतात, आणि पुढं महिनाभर नर-मादी दोघंही पिल्लांची राखण करतात. या काळात गोळ्याजवळ काहीही आलं, बेडूक, साप, काडी, तरी मरळ त्याच्यावर तुटून पडते. ते भुकेपोटी नसतं.

हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी तिथं गेलो. संध्याकाळी डबऱ्यावर पोचलो आणि बेडूक थेट गोळ्याच्या मधोमध टाकला. दहा मोजायची वेळच आली नाही. चाळीस वर्षांत इतक्या सहज मिळालेला मासा दुसरा नाही. घरी तोलली, अडीच किलोला थोडी कमी भरली. रात्रभर बादलीत जिवंत होती. वर परात आणि परातीवर पाटा ठेवला होता, तरी आतून धडका देत होती.

सकाळी अम्मीनं साफ करायला घेतली आणि मी पुन्हा डबऱ्याकडे गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही. दुसरी मरळ असणार, ती राखण करत असेल, असं मनाला समजावत गेलो. ती होती की नव्हती, मला दिसली नाही. दुसऱ्या कुणी गळ टाकला असेल, ती घाबरून खोल गेली असेल. गोळा मोडला होता. लाल ठिपके डबराभर पसरलेले होते, आणि बाभळीच्या वाकलेल्या फांदीवरून एक खंड्या सूर मारत होता. वर यायचा, गिळायचा, पुन्हा सूर. काठाला दोन बगळे. त्यांना घाई नव्हती.

तात्या तिथंच मागं बिडी ओढत उभे होते. कधी आले ते कळलं नाही.

‘काल तू नेलीस?’

‘होय तात्या.’

‘कुनाला?’

‘बायकोला. बाळंतीण आहे.’

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘बरं केलंस.’ आणि चार पावलं जाऊन वळून म्हणाले, ‘पर पुन्यांदा गोळ्यावर गळ टाकू नगंस.’

ते रागावले असते तर मी काही बाजू मांडली असती. ‘बरं केलंस’ला काय उत्तर देणार? घरी आलो तेव्हा कालवण रटरटत होतं. बायकोनं दोन वाट्या प्यायल्या. तिच्या तोंडावर खरंच तरतरी आली, हेही सांगायला हवं.

त्यानंतर जून ते सप्टेंबर मी मरळीच्या वाटेला गेलो नाही. बेडूकही सोडला. १९८७ साली बेडकांच्या तंगड्यांची निर्यात सरकारनं बंद केली, ते का केलं हे मी फार उशिरा वाचलं. बेडूक शेतातली किडेमाकोडे खातो एवढं तरी शेतीच्या गावात राहणाऱ्याला कळायला हवं होतं. पुढं माझा भाचा नोकरीसाठी अमेरिकेत टेक्सासला गेला. त्यानं येताना रबरी बेडूक आणला. तिथं ‘बास’ नावाचा मासा आहे, त्याच्यासाठी ही वस्तू बनवतात. तोही गवताच्या आडोशाला दबा धरणारा. त्यात नर घरटं करतो आणि अंड्या-पिल्लांवर पहारा देतो. भाचा म्हणाला, मामू, तिकडे चौदा इंचांहून लहान मासा मिळाला तर परत सोडावा लागतो, आणि दिवसाला पाचांहून जास्त घरी नेता येत नाहीत. मी विचारलं, कोण बघतं? तो म्हणाला, माणसं नेमलेली आहेत, पण बहुतेक जण स्वतःच पट्टी घेऊन बसतात. मी शिंप्याकडची जुनी टेप आणून गळाच्या पिशवीत टाकली. रबरी बेडकाला आपल्या मरळी येतात. फक्त त्याच्यावर दहा मोजायचे नाहीत. रबर आहे हे तिला तिनापर्यंत कळतं.

सोडायचा मासा कोरड्या हातानं धरू नये. अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि मग त्याला रोग धरतो. हात भिजवून, पोटाखालून आधार देऊन पाण्यातच सोडावा. लांबून फेकू नये. तुटलेला तंगूस खिशात घालून घरी आणावा. त्यात पाय अडकून लोंबकळणारा पाणकावळा मी पाहिला आहे.

हे सगळं शिकून झालं तोवर नदीच बदलली. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथं धोक्याची पातळी ४५ आहे. ते डबरे त्या वेळी गाळानं भरून गेले. मार्च २०२३ मध्ये तर कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला. काठ पांढरा दिसत होता. दूषित पाण्यातला प्राणवायू संपला की पहिल्यांदा कटला-रोहू जातात. मरळ वरची हवा घेते म्हणून थोडी जास्त टिकते, एवढंच. लोक पोती भरून मासे नेत होते. मी दोघा-तिघांना अडवलं. अब्बांचा दंडक होता की आपण होऊन मेलेला आणि उलटा तरंगलेला मासा खायचा नाही, आपल्या मजहबात तो मना आहे. मी तेच सांगितलं. एक जण म्हणाला, चाचा, आम्ही कुठं तुमच्या मजहबातले? मी म्हटलं, पोट तर माझ्यासारखंच आहे ना? तो हसला आणि पोतं उचलून गेला.

२०२४ च्या पावसाळ्यात मुलगी बाळंतपणाला घरी आली. बायको म्हणाली, मरळ आणा. महिना ऑगस्टचा. गळाची पिशवी खुंटीला होती, ती तशीच राहू दिली आणि मच्छी मार्केटला गेलो. आता मरळ तळ्यात वाढवतात. तेलंगणानं तर २०१६ मध्ये तिला राज्याचा मासा केलं. मासेवालीच्या टबात पाच-सहा होत्या, एकीमागून एक वर येऊन घोट घेत होत्या. सव्वा किलोची एक घेतली. पैसे पुष्कळ गेले.

घरी येऊन बायकोशेजारी बसलो आणि अठ्ठावीस वर्षांपूर्वीची ती डबऱ्याची हकिगत तिला पहिल्यांदा सांगितली. ती तुकड्यांना हळद-मीठ लावत होती. माझं सांगून झाल्यावर म्हणाली, ‘काहीतरी झालंय ते मला तेव्हाच कळलं होतं. पोट बिघडलंय म्हणून तुम्ही त्या दिवशी जेवला नव्हतात.’ मग हात वर धरून म्हणाली, ‘जरा पाणी घाला, हात भरलेत.’