‘फायदे’ हा शब्द गाळा

आई बेंगळुरूला राहायला आली, तेव्हा शेजारच्या आंटी म्हणाल्या, “रोज रागीमुद्दे खा, शुगर जाईल.” आई गोळ्याच बंद करायला निघाली! मी गूगलवर ‘नाचणीचे फायदे’ शोधलं. मिळाले अर्थातच फायदे. उत्तर प्रश्नातच घातल्यावर दुसरं काय मिळणार?

मग पबमेड उघडलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची ही शोधसेवा १९९७पासून सर्वांना मोफत आहे. तिथे शोध इंग्रजीत घ्यायचा. नाचणीची तीन नावं घेतली: रागी, फिंगर मिलेट आणि शास्त्रीय नाव एल्युसिन कोराकाना. दोन शब्दांची नावं अवतरणचिन्हांत घातली, तिन्ही ‘ऑर’ने जोडून कंसात ठेवली आणि कंसापुढे ‘अँड डायबेटिस’ लिहिलं. ‘ऑर’ जाळं पसरतो, ‘अँड’ आवळतो. दोन्ही कॅपिटल अक्षरांत. शेवटी ‘ह्यूमन्स’ची चाळणी लावली, की उंदरांवरचे बरेच प्रयोग गळतात.

मी वाचलेल्या निबंधांत जेवणानंतर साखर किती चढते, ते मोजलं होतं. ‘गोळ्या सोडा’ असं कुणीच म्हटलं नव्हतं. ते निबंध आम्ही डॉक्टरांना दाखवले.

आई आता मुद्देही खाते आणि गोळीही घेते.